खांबदरीची चार नंबरची विहीर

१

कचरू हिवराळेच्या मरणानं काकासाहेब शेळक्यांना काय मिळणार होतं, याचा हिशेब खांबदरी गावानं सकाळी आठच्या आत मांडून टाकला. मिळणार होतं साडेचार एकर अद्रकीला उन्हाळाभर पाणी. फुलंब्री तालुक्यात माणूस यापेक्षा कमीवरही मारला गेलेला आहे, त्यामुळं हिशेब कुणाला खोटा वाटला नाही.

सहा वर्षांपूर्वी शहरातल्या उस्मानपुऱ्यातली ‘ओलावा’ नावाची संस्था गावात आली होती. तिनं गायरानावर चर खणून घेतले, गवत राखलं, नव्या बोअरला ग्रामसभेकडून बंदी घालून घेतली आणि गावाला एक सवय लावली. आधी पाणी मोजायचं, मग पेरायचं. शिवारातल्या सात विहिरींना नंबर दिले. दर पंधरा दिवसांनी, मोटारी सुरू व्हायच्या आत, कचरूनं त्या विहिरींत फीत सोडून पाणी मोजायचं आणि आकडे ग्रामपंचायतीपुढच्या फळ्यावर लिहायचे. मार्चातल्या शेवटच्या मोजणीवर ठरायचं, की उन्हाळी पिकाला पाणी मिळणार की नाही.

काकासाहेबांना ही फीत कधीच पसंत नव्हती. आठ दिवसांपूर्वी त्यांनी चहाच्या हाटेलात वीस माणसांदेखत कचरूला सांगितलं होतं, “तुझ्या फितीनंच तुझा गळा आवळीन.”

सोमवारी, मार्चातल्या शेवटच्या मोजणीच्या दिवशी, पहाटे कचरूची बायको कडूबाई चार नंबरच्या विहिरीवर पाण्याला गेली. हिवराळे वस्तीच्या बत्तीस घरांना पिण्याच्या पाण्याची ही एकच विहीर. तिनं बादली सोडली. पाण्याचा आवाज आलाच नाही. बादली मऊ कशावर तरी टेकली आणि कलंडली. कडूबाई वाकून बघत राहिली, आणि उजेड जसा आत उतरला तसा नवऱ्याचा सदरा तिला ओळखू आला. वर काढला तेव्हा डोक्याची मागची बाजू जागेवर नव्हती.

नऊ वाजता काकासाहेबांच्या दारात दीडशे माणूस जमलं. वस्तीतलं होतं, गावातलंही होतं, आणि ज्यांची काकासाहेबांशी फक्त बांधावरून कुरकुर होती तेही संधी साधून आले होते. पहिला दगड कडूबाईनं मारला. तो दाराला लागला. पुढचे माणसाला लागले. काकासाहेबांना ओसरीवरून ओढून अंगणात आडवं केलं आणि कुणीतरी फावड्याच्या पात्यानं उजव्या पायाची नडगी तोडली. हाड कातडीबाहेर आलं तेव्हा पाणी समितीचे अध्यक्ष माऊली जाधव हात जोडून मधे पडले.

“बस करा आता. कायदा हाय की,” माऊली म्हणाले.

गर्दी थांबली. माऊलींचं गाव ऐकायचं. सगळ्यात आधी स्वतःचं बोअर बुजवलेला माणूस होता तो.

२

सुलेखा खरात संस्थेच्या सचिव. वय एकसष्ट. भूजलाच्या सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढलेली बाई. कुणी पाणी प्यायला दिलं तरी आधी कुठल्या विहिरीचं ते विचारायची आणि मग प्यायची. फौजदार आकाश बनकरांनी त्यांना उस्मानपुऱ्याहून बोलावून घेतलं, कारण विहिरीच्या कठड्यावर सापडलेल्या मोजणीच्या वहीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

“सोपं आहे मॅडम,” बनकर म्हणाले. “काकासाहेबांनी धमकी दिली, काकासाहेबांनी मारलं. ते घाटी दवाखान्यात पडलेत, पळूनही जाऊ शकत नाहीत. एवढा सोयीचा आरोपी मला पहिल्यांदाच भेटला.”

“सोयीचा आहे खरा. म्हणून तर मला यावं लागलं.”

कडूबाई कठड्याला टेकून बसली होती. डोळे कोरडे, हात मात्र थांबत नव्हते, लुगड्याचा काठ सोडत आणि गुंडाळत होते.

“जयभीम, कडूबाई.”

“जयभीम ताई. आता ही हीर उपसावी लागंल. मढं पडलेलं पाणी लेकरांना कसं पाजू? पर उपसली तर भरंल का? महिन्याभरात लई खाली गेली ही. माझा मालक गेला तो गेला. हीर बी गेली तर वस्ती उठंल इथून.”

“उपसू. पण मी सांगेपर्यंत एक बादली काढू नका.”

सुलेखाबाईंनी वही उघडली. त्या दिवसाच्या तारखेला चार नंबरपुढं आकडा होता : २९ फूट. त्याच्या वर, पंधरा दिवसांपूर्वीचा : ३१ फूट.

“म्हणजे मोजून झालं आणि मग मारलं,” बनकर म्हणाले. “बाकीच्या सहा विहिरी त्यानं आदल्या दिवशी मोजल्या होत्या. ही शेवटची.”

सुलेखाबाईंनी फीत उचलली. स्टीलची, नीट गुंडाळलेली. टोकाचा हातभर भाग त्यांनी उलगडला आणि उन्हात धरला. त्यावर पांढरा खडू घासलेला होता.

“मीच शिकवलं होतं त्याला. टोकाला खडू घासायचा, फीत सोडायची, वर काढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथं पाणी. दर वेळी नवा खडू.”

“मग?”

त्यांनी बोट फिरवलं. बोटाला कोरडी पांढरी पूड लागली. खडू टोकापर्यंत अखंड होता.

“ही फीत आज पाण्यात गेलेलीच नाही. कचरूनं खडू लावला आणि त्याच्या डोक्यात घाव बसला. आता तुम्ही सांगा साहेब, एकोणतीसचा आकडा कुणी लिहिला?”

३

घाटीत काकासाहेबांचा पाय वर टांगलेला होता आणि तोंड नेहमीसारखं चालू होतं.

“या, फीतवाल्या बाई. तुमच्या पायी माझा पाय गेला.”

“पाय बसवतील. जीभ शाबूत आहे ना, ते महत्त्वाचं.”

काकासाहेब हसायला गेले आणि कळ आल्यावर शिवी घालून थांबले. “मी नाय मारलं त्याला. गळा आवळीन म्हणालो व्हतो. आवळला का? डोस्कं फुटलंय त्याचं. बोलल्यासारखं करणारा माणूस हाय मी.”

बनकरांनी हे वाक्य कबुलीत धरायचं की नाही, याचा विचार करत वही बंद केली.

सुलेखाबाईंनी मोजणीची वही त्यांच्यापुढं धरली. “हे वाचा. चार नंबर. मागच्या वेळी एकतीस, आज एकोणतीस. काय म्हणता?”

काकासाहेबांनी डोळे बारीक केले आणि एकदम तापले. “बघा, बघा कसा हरामी व्हता. अकरा दिवस झाले डीपी जळालीय, लाइट नाय. शिवारात एक मोटार चालली नाय. अन् ह्यानं दोन फूट पाणी कमी लिवलं? कामून? माझी अद्रक बसवायला. म्हणून तर मी म्हणायलो, ही फीत लबाड हाय.”

“तुम्ही संस्थेच्या शिबिराला आला होतात कधी?”

“थुकायला बी नाय.”

बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर सुलेखाबाई खिडकीला टेकल्या आणि गप्प हसल्या. बनकरांना ते हसणं आवडलं नाही.

“तुमचा सोयीचा आरोपी गेला, साहेब.”

“कसा?”

“गावात विहिरीचं पाणी तळापासून सांगतात. दहा फूट पाणी आहे, बारा फूट पाणी आहे. आकडा वाढला की पाणी वाढलं. आम्ही काठापासून खाली मोजतो. एकतीसचं एकोणतीस झालं म्हणजे पाणी दोन फूट वर आलं. शिबिरात हे शिकवायलाच अख्खा दिवस जातो. काकासाहेब त्या दिवशी बाहेर बसून आम्हाला शिव्या घालत होते, म्हणून आज वाचले. पाणी वाढल्याचं खोटं लिहायला ते बसले असते, तर त्यांनी तेहतीस लिहिलं असतं.”

“कुणाकडून लिहून घेतलं असेल.”

“मग ज्यानं लिहून दिलं, तो आपल्याला हवाच आहे. लिहिणारा आमच्याकडं शिकलेला आहे.”

बनकरांनी वही पुन्हा उघडली. “तुमच्याकडं शिकलेले किती?”

“खांबदरीत तिघं. कचरू मेला. राहिले दोन.”

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलेखाबाईंनी चार नंबरमध्ये स्वतः फीत सोडली. कडूबाईनं खडू घासून दिला. दर मोजणीला नवऱ्याला करताना बघितलेलं होतं तिनं. फीत वर आली. ओलं जिथं संपलं तिथला आकडा सुलेखाबाईंनी दोनदा वाचला.

पस्तीस.

विहीर अडतीस फूट खोल. म्हणजे बत्तीस घरांच्या वाट्याला तीन फूट पाणी उरलं होतं, आणि तेही मढं पडलेलं.

“बाकीच्या सहा विहिरी दीड-दोन फुटांनी चढल्यात,” बनकर वही बघत म्हणाले.

“चढणारच. डीपी बंद, मोटारी बंद, झरे आपले चालू. कचरू मधल्या दिवसांत इथं येऊन गेला असणार. त्याला दिसलं, की सगळं शिवार भरतंय आणि वस्तीची विहीर तेवढी रिकामी होतेय. वीज नसताना पाणी कोण ओढतं, हे त्याला कळलं.”

“मालक रात्री जेवला नाय,” कडूबाई म्हणाली. “म्हणला, ही हीर कुणीतरी खालून प्यायलंय. म्हणलं कोण? तर म्हणला, आकडा लागू दे, मग सांगतो.”

संस्थेचा क्षेत्र अधिकारी अतुल पगारे समाज मंदिराच्या पायरीवर बसला होता. तिशीचा पोरगा, खिशाला चार पेनं आणि चेहऱ्यावर दोन रात्रींची जागरणं. शिकलेल्या दोघांतला एक. पाणी वाढलेलं दिसण्यात त्याचाही फायदा होता, कारण संस्थेला मदत देणारे पाहुणे पुढच्याच आठवड्यात येणार होते.

“सोमवारी पहाटे कुठं होतास?” बनकरांनी विचारलं.

“वेरूळला साहेब. कॉलेजची चाळीस मुलं आणली होती, निसर्ग शिबिराला. रविवारी मुक्काम तिथंच. साडेपाचला सगळ्यांना उठवून हजेरी घेतली. चाळीस जणांना विचारा.”

“विचारलंय. एकोणचाळीस जण म्हणाले, तू तिथं होतास; एक झोपलेला.” बनकरांनी वही मिटली. “दुसरं सांग. कचरूला विचित्र आकडा दिसला तर तो काय करायचा?”

अतुलनं सुलेखाबाईंकडं बघितलं आणि मान खाली घातली.

“फळ्यावर लिहायच्या आधी पाणी समितीच्या अध्यक्षांना दाखवायचा. गावात भांडणं नकोत म्हणून. तुमचाच नियम आहे मॅडम.”

सुलेखाबाईंच्या हातातला खडू मोडला होता.

५

माऊली जाधवांचं शेत वस्तीच्या वरच्या अंगाला, चार नंबरपासून तीनशे पावलांवर. तिथं संस्थेची रोपवाटिका होती, रोपवाटिकेला पाणी पुरवायला काळा प्लास्टिक कागद अंथरलेलं शेततळं होतं, तळ्यातलं पाणी रोपांना द्यायला संस्थेनंच दिलेली सोलर मोटार होती, आणि या सगळ्याच्या मधोमध बोअरची समाधी होती. बोअरबंदीच्या वर्षी माऊलींनी आपलं बोअर गावादेखत बुजवलं, वर काँक्रीट ओतलं, शिळा बसवली. गावोगावचे लोक ती बघायला यायचे, शिळेला हार घालायचे, माऊलींना शाल द्यायचे. माऊलींकडं शाली इतक्या झाल्या होत्या, की गोठ्यात वासरावर सुद्धा शाल असायची.

“या ताई,” माऊली म्हणाले. हातात पहार होती, आळी करत होते. “वाईट झालं कचरूचं. काकासाहेबांनी कबूल केलं का?”

“ते फक्त शिव्या कबूल करतात.” सुलेखाबाई तळ्याच्या काठाशी गेल्या. कडूबाई त्यांच्या मागं उभी राहिली. “माऊली, तळं काठोकाठ भरलंय.”

“पावसाचंच हाय. जपून वापरतो.”

“मार्च महिना आहे. ऊन एवढं, रोपं आठ हजार. ऑक्टोबरात भरलेलं तळं आता निम्म्याच्या खाली हवं. आम्ही दर महिन्याला येऊन याचे फोटो काढले, छापले. माझ्यासारख्या बाईनं एकदाही विचारलं नाही, की हे पाणी येतं कुठून.”

बनकर मागच्या बाजूनं सोलरच्या पाट्यांकडं गेले होते. तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी आतून ढवळल्यासारखं हलत होतं. सुलेखाबाई समाधीपाशी बसल्या आणि शिळेला कान लावला. आतून बारीक, एकसारखी घरघर येत होती.

“साहेब, टाका,” त्यांनी हाक दिली.

बनकरांनी ताडपत्री पाट्यांवर ओढली. शिळेतली घरघर थांबली. कोपऱ्यातलं पाणी निवांत झालं.

मग सुलेखाबाईंनी शांतपणे मांडलं, जसं शिबिरात मांडायच्या.

“डीपी जळाली तेव्हा शिवारात चालणारी मोटार एकच होती, उन्हावरची. तिच्याच पाट्यांवर समाधीतली लपवलेली मोटार चालते, आणि ती चार नंबरचे झरे खालून ओढते. एकोणतीस लिहिणारा हुशार होता. बाकीच्या विहिरी किती चढतील याचा त्यानं अंदाज घेतला आणि तेवढंच चार नंबरला चढवलं. काठापासून मोजून. काकासाहेबांना ते जमलं नसतं, अतुल वेरूळला होता, शिकलेले राहिलात तुम्ही. आणि कचरू आकडा घेऊन पहिल्यांदा तुमच्याकडंच येणार होता, माऊली, कारण मी तसा नियम केला होता.”

माऊलींनी पहार दोन्ही हातांनी धरली. पहिला घाव सुलेखाबाईंनी अडवायला वर केलेल्या हातावर बसला. मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज कोरड्या काडीसारखा आला आणि त्या शिळेवर कोसळल्या. दुसऱ्या घावाला पहार डोक्याच्या वर गेली. बनकर वीस पावलांवर होते.

कडूबाईनं माऊलींच्या गळ्यातलं उपरणं मागून धरलं आणि सगळा भार टाकून ओढलं. माऊली मागं झोकांडले. टाच प्लास्टिकवर पडली. मग माणूस थांबला नाही. कागदावरून घसरत थेट पाण्यात. पहार काठावर पडली.

शेततळ्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी त्याला वर येता येत नाही. कागद शेवाळानं बुळबुळीत असतो, नखं सुद्धा धरत नाहीत. माऊली काठाला यायचे, दोन वीत चढायचे आणि परत खाली. तिसऱ्या वेळी नाकातोंडात पाणी गेलं.

कडूबाईनं रोपांना पाणी द्यायचा लांब पाइप उचलला आणि काठावर उभी राहिली. टाकला नाही.

“द्या इकडं,” बनकर धावत येत म्हणाले.

“थांबा साहेब. एक डाव बोलू द्या त्याला.” ती खाली बघत होती. “बोला माऊली. माझ्या मालकानं काय म्हणलं तुम्हाला?”

“पाइप टाक कडू. मरतोय मी.”

“दिसायलंय मला. काय म्हणला तो?”

बनकरांनी पाइपाला हात घातला. कडूबाईनं तो असा आवळला, की दोघांत ओढाताण झाली असती तर दोघंही खाली गेले असते. बनकरांना ते कळलं.

माऊली कसेबसे बोलले, एकेक घोट थुंकत. कचरू सोमवारी पहाटे विहिरीवर त्यांची वाट बघत होता. दम दिला नव्हता त्यानं, हात जोडले होते. मोटार बंद करा, मी कुणाला सांगत नाय, फकस्त आमची हीर राहू द्या, म्हणाला होता. पण आकडा खोटा लिहायला तयार नव्हता. खडू लावायला खाली वाकला.

“लोक हार घालायचे मला,” माऊली म्हणाले. “काय सांगू त्यांना? समाधी आतून जित्ती हाय म्हणून?”

कडूबाईनं पाइपाचं टोक खाली सोडलं. बनकरांनी आणि तिनं मिळून त्यांना वर ओढलं. प्लास्टिकवर पोट घासून रक्त निघालं होतं. कडूबाईनं त्यांना उलटं केलं, पाठीत बुक्क्या घालून पाणी काढलं आणि नंतर आणखी दोन घातल्या, त्या पाण्यासाठी नव्हत्या. बनकर दुसरीकडं बघत होते.

पाण्यातलं बोलणं कोर्टात टिकणार नव्हतं. पहार टिकणार होती. तिच्या वरच्या टोकाच्या फटीत कचरूचे केस अडकलेले होते.

६

कुणाकुणाला काय पडलं, ते आता सांगायला हरकत नाही.

कचरूचा जीव गेला. ती रक्कम कुणाला कधी भरता यायची नाही, म्हणून ती वेगळी. माऊली हर्सूलच्या तुरुंगात आहेत. समाधी पोलिसांनी फोडली, आतली मोटार पंचनाम्यात गेली, आणि ज्या गावांनी शाली दिल्या होत्या त्यांतली दोन गावं आपलं कधी खांबदरीला येणंच झालं नव्हतं असं सांगतात. सुलेखाबाईंचं डावं मनगट अजून वळत नाही. त्यांनी सचिवपद सोडलं. राजीनाम्यात एकच ओळ लिहिली, की नियम माझा होता. संस्थेनं तो नियम काढला. आता आकडा विहिरीवरून थेट फळ्यावर जातो, भांडण झालं तर झालं. पाहुण्यांनी मदत थांबवली. गायरानाचं गवत वस्तीतल्या बायाच राखतात, बिनपगारी. अतुलला दुसरीकडं नोकरी लागली. तो त्यातल्या त्यात स्वस्तात सुटला.

चार नंबर उपसली. तीन दिवस बत्तीस घरांनी दोन कोसांवरून पाणी आणलं आणि रिकाम्या विहिरीत डोकावत राहिली. चौथ्या दिवशी तळाच्या पूर्वेकडच्या कपारीतून झरा सुटला. ग्रामसभेच्या दिवशी कडूबाईनं फीत सोडली आणि फळ्यावर सव्वीस लिहिलं. तरीही उन्हाळी पिकाला पाणी द्यायचं नाही असं सभेनं ठरवलं, आणि काकासाहेबांची साडेचार एकर अद्रक जागेवर वाळली.

राहिला त्यांचा पाय. तो गुडघ्याखाली काढावा लागला. बनकरांनी दीडशे माणसांना विचारलं, फावडं कुणाचं होतं. कुणी त्या दिवशी फुलंब्रीला बाजारात होतं, कुणी आजारी होतं, कुणाला उन्हात नीट दिसलं नव्हतं. बाकीचे तर माऊलींच्या बाजूनं गर्दी थांबवायलाच गेले होते. एवढ्या माणसांनी थांबवलेल्या गर्दीत मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी कडूबाई एकटीच ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“काकासाहेबाच्या पायाचं लिवून घ्या,” ती म्हणाली.

“तुम्ही पाहिलं का कुणी तोडला ते?”

“फावडं कुणाचं ते ठावं नाय. पहिला दगड माझा व्हता. त्याच्यानं बाकीचं झालं.”

बनकरांनी पेन खाली ठेवलं. “कडूबाई, तुमचा दगड दाराला लागला होता. कशाला अंगावर घेता? गुन्हा दाखल होईल, तारखा पडतील. घरात कमावणारं कुणी नाही आता.”

“ते मला बी ठावं हाय. लिवा.”

बनकरांनी लिहिलं. दीडशे जणांच्या त्या गुन्ह्यात आजमितीला नाव एकच आहे.